ताशी बारा किलोमीटर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने एक छोटंसं पुस्तक लिहून ठेवलंय, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. कुठल्या बंदरात काय विकतं, कुठून काय उचलावं, कुठे वाळूत जहाज रुतेल, असा सगळा व्यवहारी मजकूर. त्यात आपलं कल्याण आहे, पैठण आहे, आणि तगर म्हणजे आजचं तेरही आहे. पैठणचं अंतर त्याने दिलंय ते असं: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवस. तिथून तगर आणखी दहा दिवस. मैल नाही, कोस नाही, सरळ दिवस! आमच्या धंद्यात कामाचा अंदाज मॅन-डेजमध्ये देतात, या गृहस्थाने रस्त्याचा अंदाज बैल-डेजमध्ये दिलाय. आणि मला वाटतं त्याचा अंदाज आमच्यापेक्षा जास्त बरोबर असणार.

हे आठवायचं कारण म्हणजे सायकल. नारायणगावला मामाकडे मी एक साधी सात गिअरची सायकल ठेवून दिलीय. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार मिळाला की एसटीने नारायणगावला जायचं, आणि जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात कुठेतरी एकट्यानेच निघायचं. वेग? ताशी बारा किलोमीटर, थांबे सोडून. थांबे धरले तर सांगण्यासारखा नाही. मामाला हा प्रकार अजून पटलेला नाही. "अरे, गाडी घेऊन जा की! दोन तासात सगळं बघून जेवायला घरी येशील." मामाचं गणित चुकीचं नाहीये. पण दोन तासात जे बघून होतं ते वेगळं आणि मला जे बघायचंय ते वेगळं, हे त्याला समजावता समजावता चहा गार होतो. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

तर आधी थोडं गणित. लादलेला बैल तासाला तीनेक किलोमीटर चालतो. दिवसाचे सहा तास चालला तर अठरा किलोमीटर, मग त्याला सोडायचं, पाणी दाखवायचं, चारा टाकायचा. कल्याण ते जुन्नर, मुरबाड आणि नाणेघाटावरून, साधारण नव्वद किलोमीटर धरा. म्हणजे तांड्याचे पाच दिवस, आणि घाट चढायचा एक जास्तीचा. सातवाहनांच्या काळात हा महाराष्ट्राचा सगळ्यात महत्त्वाच्या रस्त्यांपैकी एक होता: सोपारा-कल्याणच्या बंदरांतून माल घाटावर, जुन्नरला, आणि तिथून पुढे पैठणला. आता या रस्त्यावर जे काही बांधलं, खोदलं, वसवलं गेलं ते सगळं ताशी तीन किलोमीटर चालणाऱ्यांच्या सोयीने. ताशी साठने जाणाऱ्याला त्यातला मधला भाग गाळूनच ते दिसतं. एक किल्ला, एक लेणं, एक घाट, असे सुटे सुटे ठिपके. मधल्या रेघा गायब.

सायकल नेमकी या दोघांच्या मध्ये बसते. पायी चालण्याच्या तिप्पट-चौपट, त्यामुळे तांड्याचा आठवडा माझ्या एका वीकेंडमध्ये मावतो. पण चढ काय, वारा काय, तहान काय, सगळं तसंच लागतं जसं त्यांना लागलं असेल.

उदाहरण म्हणून जुन्नरहून नाणेघाटाकडे जाणारा रस्ता घ्या. माझा सगळ्यात लाडका. गाव सोडताना अरुंद गल्ल्या लागतात. हे गाव एके काळी कागदासाठी प्रसिद्ध होतं. हाताने केलेला 'जुन्नरी कागद' जुन्या दफ्तरांचा अभ्यास करणाऱ्यांना चांगला माहीत आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने इथूनच बहमनींना झुगारून निजामशाही सुरू केली, राजधानी नंतर अहमदनगरला नेली. आणि शिवनेरीबद्दल मी काय नवीन सांगणार! १६३० च्या फेब्रुवारीत तिथे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण शिवनेरी गाडीतून दिसतो आणि संपतो. सायकलवर तो संपतच नाही. पश्चिमेला निघालात की किती तरी वेळ मान वळवली की आहेच. आधी लांबलचक भिंत, मग हळूहळू अरुंद होत होत जहाजाच्या नाळेसारखा. हा किल्ला नुसता डोंगरावर नाही, तो खालच्या रस्त्यावर नजर ठेवून बसलाय, हे मला एकाही पुस्तकातून इतकं कळलं नव्हतं. तासभर एखादी गोष्ट आपल्या पाठीवर बघत राहिली की आपोआप कळतं.

पुढे पाडळीजवळ तुळजा लेणी. इथे एक गोल चैत्यगृह आहे, बारा साधे खांब, वर घुमट, नक्षी काहीही नाही. कार्ल्याच्या भव्यतेची सवय असलेल्याला हे फारच साधं वाटेल. मला ते आवडतं. माझं वैयक्तिक मत, भांडायला येऊ नये.

मग माणिकडोह धरणाचं पाणी, आपटाळे, चावंड. आणि इथे ती गोष्ट लक्षात येते जी मला गाडीतून चार वेळा जाऊनही कळली नव्हती. जुन्नरहून घाटघरपर्यंत साधारण तीस किलोमीटर रस्ता सतत, पण अगदी किंचित चढतोय. गाडीच्या ॲक्सिलरेटरला पत्ता लागत नाही. मांडीला लागतो. कारण रस्ता कुकडी नदीच्या खोऱ्यातून उलटा, तिच्या उगमाकडे चाललाय. पूर गावात कुकडेश्वराचं जुनं मंदिर आहे, तिथे कुकडी उगम पावते, आणि तिथून पुढे थोड्याच अंतरावर सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण. आता हे उलट्या बाजूने वाचा. कोकणातून आलेला बैल एकदा नाणेघाट चढून वर आला, की त्यानंतर त्याला चढ असा नाहीच. थेट जुन्नरपर्यंत नदीच्या कडेने उतार, आणि वाटेत पाणी. घाट तिथे का आहे आणि जुन्नर तिथे का आहे, याचं अर्धं उत्तर हा उतार आहे. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो तो पाठीवर घेऊन परत येताना तर पायडल नुसतं फिरवायचं. असं तास-दीड तास फुकट मिळालं की वाटतं त्या व्यापाऱ्यांनीही इथे जरा हुश्श केलं असेल.

वर घाटघरचं पठार, बाजूला जीवधन, आणि नाणेघाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण. जकातीचे पैसे यात टाकत असं सगळेच सांगतात. ते खरं असो नसो, रांजण मात्र झकास आहे. घाटात थोडं खाली उतरलं की ती प्रसिद्ध गुहा. आत भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. राजाने कुठले यज्ञ केले, किती गाई, हत्ती, घोडे, कार्षापण दान दिले याची यादी. आकड्यांसकट! भारतातल्या सर्वात जुन्या अंकांचे जे नमुने मिळतात त्यात हे मोडतात. एका ठिकाणी २४,४०० असा आकडा आहे. पण त्यात शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. वीस हजार, चार हजार, चारशे अशी चिन्हं एकापुढे एक मांडलेली. रोज संगणकाशी झटापट करणाऱ्याने एकदा तरी त्या भिंतीसमोर उभं राहावं. आपल्या पोटापाण्याची सुरुवात आहे ती. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी वगैरे मंडळींचे पुतळे होते. आता वरची नावं तेवढी राहिलीत, पुतळे गेले. व्हेरिएबलचं नाव शिल्लक आणि आतली व्हॅल्यू नल. असो.

जुन्नरच्या आसपास दोनशेवर लेणी कोरलेली आहेत. तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी असे गट. अष्टविनायकातला गिरिजात्मज लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, म्हणजे मूळच्या बौद्ध विहारात बसलेला आहे. भाविकांच्या बसेस तिथवर येतात आणि परततात. बाकीच्या लेण्यांमध्ये बहुतेक वेळा मी आणि वटवाघळं. पण या लेण्यांचे दानलेख सायकलवरून उतरून, घामाघूम अवस्थेत आठवून बघा, एकदम वेगळे वाटतात. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक म्हणा किंवा पश्चिमेकडचा परदेशी म्हणा, दोन पोढी दान दिल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. मानमोडीला क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि पोढी दिली. पाणी, जेवणाची जागा, झोपायच्या खोल्या. दान भिक्षूंच्या संघाला आहे हे खरं. पण देणाऱ्यांना रस्त्यावर काय काय लागतं ते पक्कं माहीत होतं असं मला वाटतं. माझ्याकडे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या असतात आणि एप्रिलमध्ये त्या वीस किलोमीटरही पुरत नाहीत. तेव्हा इरिलरावांना माझा मनापासून नमस्कार.

ही लेणी आणि व्यापाराचे रस्ते यांचा संबंध ज्यांनी नीट लावून दाखवला ते दामोदर धर्मानंद कोसंबी. मूळचे गणिती, पुण्यात राहायचे, डेक्कन क्वीनने मुंबईला टीआयएफआरमध्ये जायचे. आणि फावल्या वेळात काठी घेऊन पुण्याच्या आसपासचे डोंगर आणि पायवाटा पालथ्या घालायचे. त्यांच्या १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी'मध्ये या पायपिटीतून निघालेला एक लेख आहे. मुद्दा थोडक्यात असा: देवींची जुनी ठाणी जिथे पायवाटा एकमेकींना छेदतात तिथे आहेत. ती लेण्यांच्याही आधीची. भिक्षू आले ते त्याच वाटांच्या कडेला राहिले. पुढे भिक्षू गेले आणि देवी परत आली. जुन्नरचं उदाहरण तर फारच सुंदर आहे. मानमोडीच्या शिलालेखात त्या डोंगराचं नाव 'मानमुकुड' असं आहे. दोन हजार वर्षांत राज्यं बदलली, धर्म बदलले, भाषा बदलली, आणि तिथल्या देवीचं नाव मानमोडी! हे कोसंबींना ग्रंथालयात बसून सापडलं नसतं. पायी हिंडल्यामुळे आणि गावातल्या माणसांशी बोलल्यामुळे सापडलं.

बोलण्यावरून आठवलं. एकट्याने जाण्याचा हा एक मोठा फायदा आहे. दहा जणांच्या ग्रुपला कोणी हटकत नाही, ते आपल्याच नादात असतात. मी गेलोय तशा ग्रुपबरोबर. चांगली मंडळी आहेत, पण सगळं लक्ष हातातल्या घड्याळावर, ॲव्हरेज किती आणि स्ट्रावावर काय दिसेल. सगळ्यात हळू माणसाला अपराधी वाटतं, सगळ्यात जोरात जाणाऱ्याला कंटाळा येतो. एकट्या माणसाला मात्र रस्त्याच्या कडेला उभं बघून हमखास कोणीतरी विचारतं, "काय पाव्हणं, पंक्चर का?" पंक्चर नाही, ते दगड बघतोय म्हटलं की आधी माझ्याकडे संशयाने बघतात, आणि मग स्वतःच सांगायला लागतात. वीरगळ कुठल्या देवळामागे पडलेत, जुनी वाट कुठून जायची, कुठल्या बारवेला अजून पाणी आहे. आणि ऑफिसातला सोमवार ते शुक्रवार 'कधी होईल, कधी होईल' ऐकल्यावर, कधी पोचणार हे कोणालाच सांगायचं नाही यात जे सुख आहे ते काय वर्णावं :)

ताशी बारा हा आकडा मी उगाच धरलेला नाही. १८१७ च्या जूनमध्ये जर्मनीत मानहाइम गावात कार्ल ड्राइस नावाच्या माणसाने दोन चाकांच्या लाकडी गाडीवर पहिली फेरी मारली. पायडल नव्हतं, पायांनी जमीन मागे ढकलायची. तेराएक किलोमीटर त्याने तासाभरात कापले म्हणे. म्हणजे यंत्राचा हा वेग जन्मापासूनचा आहे, बाकीची सगळी नंतरची घाई. गंमत म्हणजे त्याच वर्षी नोव्हेंबरात इकडे खडकीची लढाई झाली, आणि डिसेंबरात दुसरा बाजीराव इंग्रज फौजेला चुकवत याच जुन्नरच्या उत्तरेच्या डोंगराळ भागात येऊन थांबला होता. घोडे दमलेले, मागे इंग्रज. तिकडे एक माणूस घोड्याशिवाय कसं जाता येईल या खटपटीत आणि इकडे आपले श्रीमंत. (आपल्याकडे सायकल पुढच्या शतकात रुळली आणि पुणं सायकलींचं शहर झालं, ते आता फक्त आठवणीत.)

पूर्वेला खोडदला जायचं तर जीएमआरटी आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. इथे रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली. गाडीच्या स्पार्क प्लगचाही अशा दुर्बिणीला त्रास होऊ शकतो. सायकलला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे मी तिथून छाती पुढे काढून जातो.

आता आंबेगाव. इथे मात्र गमतीजमती कमी होतात.

नारायणगावहून मंचर, तिथून पश्चिमेला वळून घोडेगाव. पुणे-नाशिक रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची मोठमोठी झाडं गेली, पण बाह्यवळण रस्ते झाल्यापासून गावांतून जाणारा जुना रस्ता पुन्हा सायकलजोगा झालाय. घोडेगाव तालुक्याचं ठिकाण. मग तालुक्याचं नाव घोडेगाव का नाही? ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव पाण्याखाली आहे म्हणून. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि त्यात आजूबाजूच्या गावांबरोबर खुद्द आंबेगाव बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याच्याखाली गेले, वय बाविशीच्या आसपास.

डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. यांचं पाणी कालव्यांनी पूर्वेला जातं, तिथे ऊस झाला, पैसा आला. मामाचं घर त्यातलंच, मी काय बोलणार. उसाबरोबर बिबटेही आले, उसातच जन्मून उसातच वाढलेले. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. जुन्नर वनविभागात बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेलीत, लहान मुलंसुद्धा. त्यामुळे मामीचा नियम एकच, "सहाच्या आत घरात. आणि उसाच्या कडंनं येऊ नको." तो मी मोडत नाही. संथ सायकलिंगच्या सुखालाही वेळेची मर्यादा आहे.

डिंभ्याच्या पुढचा रस्ता जलाशयाला वळसे घालत जातो. एक खाडीसारखा फाटा आला की आत जा, टोकाला वळा, पुन्हा बाहेर या. समोरची वाडी हाकेच्या अंतरावर दिसत असते आणि रस्ता आपला तिच्यापासून दूर पळतोय. गाडीतून हे वळसे सुंदर दिसतात, लोक फोटो काढतात. सायकलवर प्रत्येक वळसा मोजून घ्यावा लागतो. अशाच एका वळणावर बसलो होतो तर एक आजोबा येऊन शेजारी टेकले. महादेव कोळी, वय सत्तरीच्या पुढे. नेहमीप्रमाणे पंक्चरची चौकशी झाली. मग त्यांनी पाण्यापलीकडे बोट केलं.

"त्ये समोर दिसतंय ना, तिथं बहीन दिली व्हती. तंबाकू मळून तोंडात टाकली का ती थुकायच्या आत पोचायचो."

"आणि आता?"

"आता गाडी बघायची. न्हाईतर नाव. आता कशाला कोन जातंय."

पेरिप्लसवाल्याचे दिवस आणि आजोबांची तंबाखू, माप एकाच जातीचं. फरक इतकाच, की आजोबांचा रस्ता तीसेक वर्षांत पाण्याखाली लांबला आणि त्याची नोंद नकाशात सरळ रेषेने होत नाही. धरणग्रस्तांनी नंतर इथे बरंच काही उभं केलं. उन्हाळ्यात पाणी उतरतं तशी मोकळी होणारी गाळाची जमीन कसायचा हक्क मागितला, मासेमारीची सहकारी संस्था काढली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिकही मिळालं. त्या दिवशी मे महिना होता, पाणी बरंच खाली गेलेलं, आणि उघड्या पडलेल्या काठावर हिरवे तुकडे दिसत होते. आजोबांनी कुठला कोणाचा ते बोटाने दाखवलं. त्यांच्या खालच्या बाजूला, चिखलात अर्धवट बुडलेली, जुन्या रस्त्याची दगडी कड दिसत होती. ती पाण्यात शिरत होती तिथपर्यंत मी सायकल हातात धरून चालत गेलो. आजोबा वरून ओरडले, "म्होरं जाऊ नको, गाळ हाय!"

साडेतीन वाजले होते. नारायणगाव चाळीसेक किलोमीटर, आणि मामीचे सहा. निघालो.